ज्याला त्याला पाटीलकी

माझं आडनाव पाटील नाही. आजोबांचं नव्हतं, पणजोबांचंही नव्हतं. आमच्या घराण्यात कुणी गावचा कारभार पाहिल्याचा पुरावा नाही. घरचा कारभारसुद्धा बायकांनीच पाहिला. तरी छत्रपती संभाजीनगरात घराबाहेर पडलं की कुणी ना कुणी मला पाटील करतंच. सिडको बसस्थानकाबाहेर रिक्षावाला 'चला पाटील, बाबा पंप, बाबा पंप' म्हणत हाताला धरतो. जाधववाडीच्या बाजारात वांग्यांच्या ढिगामागून 'घ्या पाटील, गावरान हाय' असा आवाज येतो. शहागंजातला हातगाडीवाला त्याच हाकेला दख्खनी वळण देतो, 'क्या पटेल, कब आये गाँव से?' मी गावाहून आलेलो नसतो, क्रांती चौकातून आलेलो असतो. पण पटेल म्हटल्यावर मागं एखादं गाव असलंच पाहिजे, हे त्यानं धरलेलं असतं.

मराठवाड्यात 'पाटील' हे आडनाव कमी आणि हाक जास्त. तिचा अर्थ सुरावर ठरतो. 'या पाटील' म्हणजे बसा, चहा घ्या. 'काय पाटील?' म्हणजे बऱ्याच दिवसांत फिरकला नाहीत. 'पाटील, जरा सरका' म्हणजे तुमच्यामुळे वाट अडली आहे, पण भांडायची इच्छा नाही. तेच 'ओ पाऽटील' असं लांबवलं, की भांडायची पुरेपूर इच्छा आहे. 'आता तुम्ही मोठे पाटील झालात' असं किराणा दुकानदार म्हणाला, तर उधारी थकलेली असते. आणि 'फार पाटीलकी करू नका' हे ऐकू आलं, की बैठक संपली असं समजून चपला शोधाव्यात.

इतक्या कामाची दुसरी हाक आपल्याकडे नाही. 'साहेब' म्हटलं तर समोरचा उगाच सरकारी होतो. 'शेठ' म्हटलं तर भाव वाढवायची तयारी दिसते. 'काका' म्हटलं तर वय काढल्यासारखं होतं, आणि केस काळे करून आलेला माणूस तर फणकाऱ्यानं पुढच्या दुकानात जातो. 'पाटील' म्हणताना समोरच्याचं वय, पगार, जात यातलं काहीच विचारावं लागत नाही, तरी त्याची छाती बोटभर पुढं येते. फुकटात एवढा मान देणारा शब्द बाजारानं उचलला, यात नवल नाही.

इंग्रजांच्या आडनावांतही गावगाड्याची माणसं भरलेली आहेत. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, मिलर म्हणजे दळण दळून देणारा. आपल्या पाटलाच्या सगळ्यात जवळचा तिकडचा माणूस म्हणजे रीव्ह. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये तो गावातली कामं करून घ्यायचा, धन्याचा हिशेब सांभाळायचा. परगण्याचा रीव्ह तो शायर-रीव्ह, त्याचा पुढे शेरीफ झाला. गावचा रीव्ह मात्र आडनावात जाऊन बसला आणि शेवटी ख्रिस्तोफर रीव्हच्या पाठीवरून सुपरमॅनच्या वेशात आकाशात उडाला. आज स्टीव्ह स्मिथकडे कुणी कुऱ्हाडीला धार लावून मागत नाही. आपल्याकडेही कुलकर्ण्यांना गावचं दप्तर आणि देशपांड्यांना परगण्याचा वसूल कुणी विचारत नाही. एकट्या पाटलाचं तसं झालं नाही. हुद्द्याचं आडनाव झालं, तरी आडनावातला हुद्दा काही निघाला नाही. पाटील आडनावाचा माणूस बँकेत कारकून असला, तरी सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या टँकरचा वाद मिटवायला लोक त्याच्याकडेच बघतात.

हुद्दा फार जुना. माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या शतकातल्या ताम्रपटांत गावच्या 'पट्टकिला'ला आणि रहिवाशांना उद्देशून आज्ञा लिहिलेल्या आहेत. आपला पाटील त्याच्याच वंशातला. सुलतानी अमलात कागदोपत्री त्याला मोकदम म्हणू लागले. हाच शब्द आज बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला चिकटलेला आहे. सारा गोळा करणं, पडीक रान लागवडीला लावणं, बांधाचे तंटे मिटवणं, चोराचा माग काढणं, आलेल्या सरकारी माणसाच्या जेवणाची आणि त्याच्या घोड्याच्या वैरणीची सोय करणं, ही सगळी त्याची कामं. लिहिणं मात्र कुलकर्ण्याचं. पाटलाला सही करायची वेळ आली, की कागदाखाली नांगराचं चित्र काढायचं. ती त्याची निशाणी. अख्ख्या गावावर हुकूम चालवणारा माणूस सहीला मात्र शेतकरीच असायचा.

कामापेक्षा मानाची यादी लांब. पोळ्याला वेशीत पहिला बैल कुणाचा, होळीला पहिला नैवेद्य कुणाचा, लग्नात पहिला विडा कुणाला, यावर गावाची प्रतिष्ठा आणि कधी कधी डोकी फुटायची. पाटीलकी हे वतन असल्यामुळे ती वाटली जायची, गहाण पडायची, विकलीही जायची. भावकीत वाटणी झाली की कुणाकडे अर्धी पाटीलकी, कुणाकडे चौथाई. शेताची वाटणी करता येते. पहिल्या बैलाची कशी करणार? मग एका वर्षी थोरल्या वाड्याचा बैल पुढे, दुसऱ्या वर्षी धाकट्याचा. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यात या साऱ्या हक्क-मानांचा पसारा मांडलेला आहे. तो वाचताना हसूही येतं आणि धापही लागते.

आमच्या जिल्ह्याचं या हुद्द्याशी नातं साधंसुधं नाही. शहरापासून तासाभराच्या अंतरावर वेरूळ. जग तिथं कैलास लेणं पाहायला येतं, पण त्याच वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. बाबाजी भोसले तिथले पाटील. त्यांचे चिरंजीव मालोजी, नातू शहाजी, पणतू शिवाजी महाराज. म्हणजे या शहराला आज ज्यांचं नाव आहे, ते संभाजी महाराज वेरूळच्या पाटलांचे खापरपणतू. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली, तेव्हा निजामशाहीतल्या मराठा सरदारांच्या नावांनी मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा असे पुरे उभे राहिले. शहर पुढे फतेहनगर झालं, औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर झालं. इतक्या वेळा नाव बदललेल्या गावात परक्याला पाटील म्हणायला लोक कशाला अडखळतील?

आपणहून पाटील म्हणवून घेण्यात मात्र महादजी शिंद्यांचा हात कुणी धरला नाही. उत्तर हिंदुस्थान मुठीत, दिल्लीचा बादशहा आश्रयाला, पदरी फ्रेंच पद्धतीच्या कवायती पलटणी. तरी स्वारीला आवडायचं ते 'पाटील'. लोकही 'पाटीलबावा' म्हणत. शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे पाटील. १७९२ साली महादजी पुण्यास आले, तेव्हा दरबारात सगळ्यांच्या खाली बसले आणि बगलेतल्या गाठोड्यातून जोडे काढून पेशव्यांपुढे ठेवले, आमच्या घराण्याचं काम हेच, असं म्हणत. जॉन माल्कमनं हा किस्सा नोंदवला आहे, आणि सेवक म्हणवून घेत हा माणूस राजा झाला, असा त्याचा निष्कर्ष आहे. पाटील हा शब्द किती खाली वाकूनही किती वर राहू शकतो, हे महादजींना नीट कळलं होतं. आजही निवडणुकीच्या अर्जात कोट्यवधींची मालमत्ता लिहिणारा उमेदवार व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहितो, तेव्हा मला ते गाठोडं आठवतं.

सगळंच काही गमतीचं नव्हतं. गावात ज्याच्या हाती सारा आणि शिक्षा दोन्ही, त्याच्या वाड्यावर वेठीला जाणाऱ्यांना या शब्दाचा धाक वेगळाच माहीत होता. रांझे गावचा पाटील बाबाजी गुजर यानं एका स्त्रीशी बदअंमल केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडायला लावले आणि पाटीलकी काढून घेतली. त्याबद्दलचं १६४६ सालचं पत्र उपलब्ध आहे. पण प्रत्येक गावाच्या वाट्याला शिवाजी महाराज येत नाहीत. सिनेमानं हा धाक पडद्यावर आणला. 'सामना'तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील निळू फुल्यांनी असा काही उभा केला, की १९७५ नंतर बरीच वर्षं खरे पाटील भले असले तरी त्यांच्या खाकरण्याला गावातली पोरं दचकायची. लेखन विजय तेंडुलकरांचं आणि दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. पाटलाचं माप काढायला पटेलच लागला, हा योग कुणी ठरवून जुळवलेला नसावा.

मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यानं आमच्याकडे पाटील जोडीनं यायचे. एक माली पाटील, दुसरा पोलीस पाटील. मालीचा फुलांशी संबंध नाही. माल म्हणजे महसूल, म्हणून सारा पाहणारा तो माली पाटील. बंदोबस्त पाहणारा तो पोलीस पाटील. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, पाटील राहिले. १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी राहिले. शेवटी १९६२ साली राज्यानं कायदा करून महसुली पाटील हे पदच रद्द केलं. साऱ्याचं दप्तर पगारी तलाठ्याकडे गेलं. २०२४ साली तलाठ्याचंही 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे, पण गाव त्याला अजून भाऊसाहेबच म्हणतं. सरकारनं ठेवलेली नावं फलकावर राहतात आणि गावानं ठेवलेली तोंडात.

पोलीस पाटील तेवढा उरला, तोही १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली, नवं रूप घेऊन. आता तो वाड्यात जन्मत नाही, परीक्षा देऊन येतो. दहावी पास, गावचा रहिवासी, लेखी परीक्षा, मग तोंडी, आणि प्रांताधिकाऱ्यांचा नेमणुकीचा आदेश. पदाला आरक्षण आहे, बायकांनाही जागा आहेत. त्यामुळे कांबळे, शेख, राठोड अशा कुठल्याही आडनावाचा माणूस गावचा पोलीस पाटील असतो आणि जुन्या वाड्यातले आडनावाचे पाटील चारित्र्याच्या दाखल्यासाठी त्याच्या दारात उभे असतात. पोलीस पाटील बाई असली, की तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं हा प्रश्न येतो. पूर्वी पाटलाची बायको आपोआप पाटलीणबाई व्हायची. उलट्या बाजूनं तशी सोय भाषेनं करून ठेवलेली नाही. एका गावात मी 'पाटीलबाईंचे मालक' असं ऐकलं. ऐकताना मालकच थोडे कानकोंडे झाले होते.

आडनावाचे पाटील मोजायला बसलं, तर महाराष्ट्राचा नकाशाच पुढ्यात घ्यावा लागतो. अजिंठ्याचा घाट उतरून जळगावकडे गेलं, की शाळेच्या हजेरीपटावर पाटीलच पाटील. तिथं लेवा आहेत, मराठा आहेत, राजपूत आहेत. सांगली-कोल्हापूरकडे जैन पाटील. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील त्यांतले. रायगडात आगरी पाटील. चरीच्या शेतकरी संपाचे नारायण नागू पाटील आणि नवी मुंबईच्या विमानतळाला ज्यांचं नाव द्यायचा ठराव राज्यानं केला ते दि. बा. पाटील तिकडचे. सीमेपलीकडे लिंगायत पाटील कानडीत बोलतात. सिल्लोड-फुलंब्रीकडे मुसलमान पटेल आहेत. तापी ओलांडून गुजरातेत शब्दाचा पटेल होतो, आणि तिथल्या राजकारणात शिरलेल्या मूळच्या जळगावकडच्या सी. आर. पाटलांनी आपल्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त घालून घेतला. कुठल्याही एका जातीनं, धर्मानं, भाषेनं दावा सांगावा आणि बाकीच्यांनी लगेच हरकत घ्यावी, असं हे आडनाव. रिकाम्या झालेल्या पदावर एवढ्या निरनिराळ्या लोकांनी गुण्यागोविंदानं बसावं, हे दुसऱ्या कुठल्या खुर्चीच्या बाबतीत झालेलं मी पाहिलं नाही.

पाटील इतके झाले, की आडनावानं माणूस ओळखू येईना. मग महाराष्ट्रानं आद्याक्षरं कामाला लावली. आर. आर. पाटील, एन. डी. पाटील, डी. वाय. पाटील. इतर आडनावांच्या माणसांना संपूर्ण नाव असतं, पाटलांना दोन अक्षरं आणि दोन टिंबं. ज्यांना हे पुरलं नाही, त्यांनी कर्मवीर, क्रांतिसिंह अशी बिरुदं पुढे जोडून घेतली, म्हणजे लोकांनी जोडली. क्रांतिसिंह नाना पाटलांची तर मौज अशी, की हा पाटील तरुणपणी तलाठ्याची नोकरी करत होता. ती सोडून त्यानं साताऱ्यात इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवलं. १९६७ साली आमच्या बीडनं त्यांना लोकसभेवर पाठवलं. दुसऱ्या मुलखातला पाटील निवडून देताना मराठवाड्याला आपलं काही चुकतंय असं वाटलं नाही. पाटील शेवटी पाटीलच.

याच्या उलट, मूळ आडनाव शाबूत ठेवून शेवटी पाटील लावायची रीत आमच्या भागात जोरात आहे. विखे पाटील, दानवे पाटील, जरांगे पाटील. २०२३ साली मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीचं उपोषण झाल्यापासून नुसतं 'पाटील' म्हटलं, तरी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मनोज जरांगे पाटीलच येतात. लग्नपत्रिका तर बघण्यासारख्या. वराच्या आजोबांच्या नावापुढे काही नसतं, वडिलांच्या नावापुढे पाटील असतं आणि नवऱ्या मुलाच्या नावाआधी 'चि.', नंतर 'पाटील', शिवाय गाडीच्या मागच्या काचेवर आणखी एकदा. तीन पिढ्यांत घराणं कसं चढलं, ते त्या एका पत्रिकेत वाचता येतं. पत्रिका छापणाऱ्याला पाटील आणि सप्रेम नमस्कार या दोन गोष्टींचा साचा तयारच ठेवावा लागत असणार.

कुणाला लावू द्यायचं, यावर वादही होतात. २०२३ सालीच नृत्यांगना गौतमी पाटील यांनी पाटील आडनाव लावू नये, अशी मागणी काहींनी केली. त्यांनी ते लावायचं सोडलं नाही आणि कार्यक्रमांची गर्दीही हटली नाही. मला त्या वादात वेगळीच गंमत दिसली. आडनाव नाचायला लागलं तर त्याची अब्रू जाते, असं मानणाऱ्यांनी तेच आडनाव लिहिलेल्या ढाब्यांवर मटण थाळी मात्र बिनतक्रार खाल्ली होती. आणि दैवाचा दुसरा खेळ असा, की ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दारावर 'पाटील' मिरवलं, त्यातलीच पुष्कळ घरं आज आरक्षणासाठी निजामकाळच्या दप्तरात 'कुणबी' हा शब्द सापडतो का, ते पाहत आहेत. मोडी वाचणाऱ्यांना एवढे सुगीचे दिवस कधी आले नव्हते. जुन्या पाटलानं कागदाच्या तळाशी काढलेला नांगर पाहिला, की वाटतं, तो तर केव्हाच सांगून गेला होता.

जमिनीचं फेरवाटप व्हावं म्हणून या देशात कायदे झाले, पदयात्रा झाल्या, आणि तरी ते अर्ध्यात राहिलं. शब्दाचं फेरवाटप मात्र कुणी न ठरवता पार पडलं. पूर्वी गावात पाटील एक आणि त्याच्यापुढे हात जोडणारं बाकीचं गाव. पद रद्द झालं आणि तो शब्द बेवारस झाला. मग तो रिक्षावाल्यानं उचलला, भाजीवाल्यानं उचलला, वेठीला जाणाऱ्याच्या नातवानं उचलला, आणि दिसेल त्याला देऊन टाकायला सुरुवात केली. आता शहरात पाटील करणारे पुष्कळ आणि पाटील होणारे त्याहून पुष्कळ. ज्याचा मान सगळ्यांना मिळतो, त्याचा धाक कुणाला वाटत नाही. हाकेची किंमत घसरली असं कुणी म्हणेल. मला वाटतं, ती पहिल्यांदाच रास्त भावात आली.

शिवाय देण्याघेण्याची दिशाही फिरली. वतनदारीत गाव पाटलाच्या घरी धान्य पोचवायचं, मान पोचवायचं, वेठीची माणसं पोचवायचं. टीव्ही सेंटरच्या टपरीवर नियम उलटा आहे. ज्याला पाटील म्हटलं, त्यानं चहाचे पैसे द्यायचे. म्हणून कप रिकामे होत आले आणि कुणी मोठ्यानं 'पाटील' अशी हाक दिली, की बाकावरचे सगळे एकदम मोबाइलमध्ये डोकं घालतात. दहा पिढ्या ज्या मानासाठी कोर्टकचेऱ्या करत राहिल्या, तो मान एकमेकांकडे ढकलायला माणसं शिकली. १९६२ च्या कायद्याला जे साधायचं होतं, ते अद्रकाच्या चहानं साधलं म्हणायचं.